विश्लेषण : ट्राउटसाठी हिमालयात जायचे आहे? आधी सुट्टी नव्हे, पाणी पाहा!

शिक्रापूरजवळ वेळ नदीच्या काठी किंवा पुढे भीमेच्या एखाद्या डोहावर गळ टाकून बसलेला माणूस दिसला, तर कुणी वळून बघत नाही. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी, दोरीला तरंगणारा बोळा आणि हाताशी भरपूर वेळ, एवढे त्याला पुरते. याच छंदाचा एक भाऊबंद मात्र वेगळ्या थाटाचा आहे. त्यात माणूस बसत नाही, गुडघाभर बर्फाळ पाण्यात उभा राहतो. गळाला गांडूळ नसते. पिसे आणि दोरा गुंडाळून बनवलेली, तांदळाच्या दाण्याएवढी खोटी माशी असते. आणि मासा असतो ट्राउट, जो महाराष्ट्रातल्या एकाही नदीत नाही.

याला फ्लाय फिशिंग म्हणतात. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ पाहून ‘एकदा करून बघू’ असे वाटणाऱ्यांची पहिली चूक ठरलेली असते. ते आधी सुट्टी ठरवतात, मग तिकीट काढतात आणि शेवटी नदीची चौकशी करतात. ट्राउटच्या बाबतीत हा क्रम उलटा हवा, कारण आपल्याकडच्या तिन्ही मोठ्या सुट्ट्या, म्हणजे मे महिना, गणपतीच्या आसपासचे दिवस आणि दिवाळी, या नद्यांच्या वेळापत्रकाशी सहसा जुळत नाहीत. ते का, आणि मग सहल आखायची कशी, हे समजून घेऊ.

फ्लाय फिशिंग म्हणजे नेमके काय?

साध्या गळात वजन आमिषाला किंवा शिशाच्या गोळीला असते. ते भिरकावले की मागोमाग दोरी जाते. फ्लायला वजनच नसते. ती हाताने फेकली तर पायाशी पडेल. म्हणून इथे वजन दोरीला दिलेले असते. जाड, प्लास्टिकचे आवरण असलेली ही लाइन काठीच्या साहाय्याने हवेत मागे-पुढे झुलवायची, तिचा लांब फास तयार होऊ द्यायचा आणि तिच्या जोरावर फ्लाय पाण्यावर अलगद उतरवायची. बैलाला न लागता हवेत वाजणारा चाबूक ज्याने ओढला आहे, त्याला ही क्रिया पटकन कळते. फरक एवढाच, की चाबूक वाजला तर इथे फ्लाय तुटून गेली असे समजायचे.

काठी आणि लाइन यांना एकच क्रमांक असतो. ट्राउटसाठी साधारणपणे साडेआठ ते नऊ फुटांची पाच क्रमांकाची काठी पुरते. पाच क्रमांकाच्या लाइनच्या पहिल्या तीस फुटांचे वजन जेमतेम नऊ ग्रॅम असते; सगळा खेळ या नऊ ग्रॅमचा. लाइनच्या टोकाला नऊ फुटांचा निमुळता होत जाणारा पारदर्शक धागा, म्हणजे लीडर, आणि त्याच्याही टोकाला आणखी बारीक टिपेट. ‘पाच एक्स’ लिहिलेला टिपेट सुमारे ०.१५ मिलिमीटर जाडीचा असतो. आकडा जितका मोठा, तितका धागा बारीक. दुकानात नवखा माणूस हमखास उलटे समजतो.

खोटी माशी तरी कशाची? ट्राउटचे बरेचसे अन्न म्हणजे नदीच्या तळाच्या दगडांखाली वाढणारे कीटक आणि त्यांच्या अळ्या. मेफ्लाय, कॅडिस आणि स्टोनफ्लाय ही त्यातली मुख्य नावे. यांना स्वच्छ, थंड आणि खळाळते पाणी लागते. पाण्यावर तरंगणारी ती ‘ड्राय फ्लाय’, आणि पाण्याखाली अळीसारखी वाहत जाणारी ती ‘निम्फ’. ड्राय फ्लायवर मासा झेप घेताना दिसतो, म्हणून व्हिडिओत तीच असते. पण ट्राउट बहुतेक वेळा पाण्याखालीच खातो. नवख्याने निम्फपासून सुरुवात करणे केव्हाही शहाणपणाचे.

अवघड भाग फेकण्याचा नाही, वाहू देण्याचा आहे. खरी माशी प्रवाहाच्या वेगाने वाहत येते. दोरीने ओढलेली फ्लाय प्रवाहापेक्षा थोडी जरी जलद किंवा तिरकी सरकली, तरी ट्राउट तोंड फिरवतो. त्यामुळे वीस फुटांवर नीट वाहणारी फ्लाय साठ फुटांवर फेकलेल्या फ्लायपेक्षा कितीतरी जास्त मासे देते.

ट्राउट आपल्या नद्यांत का नाही?

उत्तर तापमानात आहे. ट्राउटला साधारण १० ते १६ अंश सेल्सियसचे पाणी मानवते. पाणी २० अंशांवर गेले, की तो खाणे कमी करतो, दमतो. २५ च्या आसपास त्याच्या जिवावर बेतते. यामागे प्राणवायूचे गणित आहे. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. म्हणजे पाणी तापले की माशाची गरज वाढते आणि पुरवठा घटतो.

कळसूबाई १,६४६ मीटर, महाबळेश्वर त्याहून कमी. सह्याद्रीत बर्फ नाही, आणि पावसाळा संपल्यावर नद्यांना पाणी पुरवणारे काही उरत नाही. भीमा भीमाशंकरच्या जंगलात उगम पावते तिथे पाणी गार असते खरे. पण तिला चासकमान धरणात अडवले, कालव्याने शिरूरच्या शेतांकडे वळवले आणि पात्रात उरलेले उन्हात तापले, की ट्राउटचा विषयच संपतो. दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारवरच्या उंच पठारांवर ट्राउट टिकला, तो तिथली उंची दोन हजार मीटर ओलांडते म्हणून.

मग हिमालयात तो मूळचाच आहे का?

नाही, आणि हे बहुतेक पर्यटकांना ठाऊक नसते. ब्राउन ट्राउट युरोपातला, रेनबो ट्राउट उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक बाजूचा. इंग्रज साहेबांना हिमालयातल्या नद्या पाहून स्कॉटलंडची आठवण यायची आणि त्या नद्यांत आपला मासा नाही याची रुखरुख लागायची. महाराजा प्रतापसिंह यांच्या काळात, १८९९ मध्ये, काश्मीरला पाठवलेली ट्राउटची अंडी वाटेतच खराब झाली. १९०० मध्ये पुन्हा अंडी आली, ती जगली, आणि फ्रँक मिचेल या गृहस्थाच्या देखरेखीखाली श्रीनगरजवळ हरवान येथे ट्राउटची पैदास सुरू झाली. तिथून १९०९ च्या सुमारास ती कुल्लू खोऱ्यात गेली. बियास नदीकाठच्या पतलीकूहल येथील हिमाचल सरकारच्या ट्राउट केंद्राला पुढे नॉर्वेचे तांत्रिक साहाय्यही मिळाले.

हिमालयात ‘स्नो ट्राउट’ नावाने ओळखला जाणारा असला हा मासा मात्र मूळचा तिथला. तो ट्राउट नव्हे, आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला आहे. पाहुणा मासा या यजमानाचे अन्न आणि पिल्ले दोन्ही खातो, अशी चिंता अभ्यासक अनेक वर्षे मांडत आले आहेत. उजनीच्या जाळ्यात आता ज्या संख्येने चिलापी येते, ती पाहिलेल्या दौंड-इंदापूरच्या मच्छीमाराला हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

जायचे कधी? सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच

हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत मासेमारी बंद असते. ब्राउन ट्राउट याच थंडीत नदीच्या तळातल्या खडीत खळगा करून अंडी घालतो. त्या खडीवरून कुणी बूट घालून चालले, तरी अंडी चिरडतात. त्यामुळे दिवाळीचा बेत आखताना पंचांग उघडावेच लागते. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे सुट्टी सुरू होईल तेव्हा नदी बंद झालेली असेल. दिवाळी ऑक्टोबरात पडते त्या वर्षी मात्र नशीब उघडते.

मे महिन्याचे दुखणे वेगळे. हंगाम सुरू असतो, पण उंचावरचा बर्फ वितळू लागलेला असतो. सकाळी निवळ असलेली नदी दुपारी चढते, राखाडी होते आणि त्यात फ्लाय माशाला दिसतच नाही. बियाससारख्या मोठ्या नदीत हा त्रास जास्त. लहान उपनद्यांत आणि पहाटेच्या वेळी कमी. त्यात मनालीकडे जाणारी गर्दी. मे महिन्यातच जावे लागणार असेल, तर पहिला आठवडा पकडावा, मुख्य नदी सोडून ओढ्यांकडे वळावे आणि दुपारी झोप काढावी.

जुलै-ऑगस्टबद्दल घोळ नको : जाऊ नये. जुलै २०२३ मध्ये बियासच्या पुराने मंडी ते मनाली महामार्ग जागोजागी वाहून नेला. जून २०२५ च्या अखेरीस कुल्लूच्या सैंज खोऱ्यात ढगफुटीने हाहाकार केला. अरुंद दरीत नदीच्या पात्रात उभ्या असलेल्या माणसाला अशा वेळी मिनिटेही मिळत नाहीत.

मग उरते काय? दोन खिडक्या. पहिली मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत. पाणी निवळ, पण फार गार. मासे तळाशी सुस्त असतात, म्हणून निम्फ वापरायची आणि सकाळी लवकर उठण्याची घाई करायची नाही. ऊन पात्रात उतरले, की कीटक हलतात आणि मासेही. अडचण एवढीच, की मार्च म्हणजे आपल्याकडे दहावी-बारावीची परीक्षा, कंपनीत वर्षअखेर आणि शेतात गव्हाची काढणी.

दुसरी खिडकी सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत. पाऊस परतलेला, बर्फ वितळणे मंदावलेले, पाणी काचेसारखे. ब्राउन ट्राउट अंडी घालण्याच्या तयारीत असतो आणि आक्रमक होतो. याच स्वच्छ पाण्यात तो तुम्हालाही लांबून पाहतो, म्हणून टिपेट बारीक आणि हालचाल हळू हवी. माझे मत विचाराल तर हीच वेळ. फक्त एक पाहा : विजयादशमीपासून पुढे सात दिवस कुल्लूचा दसरा चालतो. २०२६ मध्ये दसरा २० ऑक्टोबरला आहे. त्या आठवड्यात कुल्लू खोऱ्यात खोली मिळणे कठीण आणि महाग. त्याआधीचा पंधरवडा धरला तर उत्तम.

कोणती नदी निवडायची?

पहिल्या सहलीसाठी कुल्लू जिल्ह्यातली तीर्थन. ती ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानातून येते; या उद्यानाला २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. बंजार आणि गुशैणीच्या आसपास नदी दीड हजार मीटरच्या उंचीवर, रस्त्याला लागून वाहते. पात्र फार रुंद नाही, त्यामुळे लांब फेक जमत नसली तरी चालते. तीर्थनवर जलविद्युत प्रकल्प होऊ नयेत यासाठी बंजारचे माजी आमदार दिलाराम शबाब यांनी दीर्घकाळ लढा दिला आणि ही नदी प्रकल्पमुक्त राहिली. शेजारच्या सैंज आणि पार्वती नद्यांकडे पाहिले, की या निर्णयाचे मोल कळते. ट्राउटसाठी लोक तीर्थनला जातात, त्याचे अर्धे कारण हेच.

मंडी जिल्ह्यातले बरोट हे दुसरे ठिकाण. ऊहल नदी, सुमारे १,८०० मीटर उंची, ट्राउटचे सरकारी केंद्र आणि जोगिंदरनगरच्या शानन वीजघराला पाणी देणारे ब्रिटिशकालीन बांधकाम. थोडे आडवाटेला, म्हणून शांत. शिमला जिल्ह्यातल्या रोहडूची पब्बर नदी जुन्या गळकऱ्यांची आवडती. सांगल्याची बास्पा सुंदर आहे, पण पुण्याहून जाणाऱ्याचे दोन दिवस रस्त्यातच जातात.

काश्मीरची गोष्ट निराळी. लिडर, ब्रिंगी, सिंध (ही श्रीनगरजवळची, पाकिस्तानातली नव्हे) या नद्या ट्राउटच्या बाबतीत देशात अव्वल, आणि कोकरनागला ट्राउटचे मोठे केंद्र आहे. तिथे नदीचे ठरावीक पट्टे केलेले आहेत, त्यांना ‘बीट’ म्हणतात. एका बीटवर एका दिवशी मोजक्याच लोकांना परवाना मिळतो, त्यामुळे गर्दी नसते, पण आयत्या वेळी गेल्यास हात हलवत परतावे लागते. लिडर पहलगाममधून वाहते. २२ एप्रिल २०२५ च्या हल्ल्यानंतर काश्मीरमधली अनेक पर्यटनस्थळे बंद करण्यात आली आणि नंतर टप्प्याटप्प्याने उघडली गेली. म्हणून काश्मीरचे तिकीट काढण्यापूर्वी आपला बीट खुला आहे का, हे तिथल्या मत्स्य विभागाकडून विचारून घ्यावे. हॉटेलवाल्याच्या ‘सब खुला है’ वर विसंबू नये.

परवाना कुठे आणि कसा?

गळ टाकण्यासाठी राज्याच्या मत्स्य विभागाचा परवाना लागतो. तो माणशी आणि काठीमागे असतो, ठरावीक दिवसांसाठी आणि ठरावीक पाण्यासाठी. कुल्लूचा परवाना मंडीत चालेल असे धरू नये. दिवसाला किती मासे ठेवता येतील, त्यांची किमान लांबी किती, कोणते आमिष चालेल, हे त्यावर लिहिलेले असते, आणि नदीवर फिरणारा मत्स्यरक्षक ते तपासतोही. शुल्क सहलीच्या एकूण खर्चापुढे किरकोळ असते. दर बदलत असल्याने ताजी माहिती विभागाकडूनच घ्यावी. हिमाचलच्या मत्स्य विभागाचे मुख्यालय बिलासपूरला आहे आणि चंदीगडहून मंडीकडे जाताना ते वाटेवरच येते.

राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वन विभागाचे वेगळे नियम लागू होतात. तिथे मत्स्य विभागाचा परवाना दाखवून भागत नाही. आणि ‘आमच्या होमस्टेच्या मागेच नदी आहे, परवाना नको’ असे कुणी सांगितले, तर होमस्टे बदलावा.

शिक्रापूरहून जायचे कसे, न्यायचे काय?

पुण्याहून विमानाने चंदीगड, तिथून गाडीने सात-आठ तासांत बंजार. चाकण चौकातली कोंडी धरूनही लोहगाव विमानतळ शिक्रापूरला जवळ आहे. रेल्वेने जायचे तर पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्सप्रेस दौंड, अहिल्यानगरमार्गे जाते. हिमाचलसाठी अंबाल्याला उतरायचे, काश्मीरसाठी थेट जम्मू. लिडर ज्या नदीला मिळते, तिचेच नाव या गाडीला आहे. जाण्या-येण्यात मिळून तीन-चार दिवस जातात, म्हणून रेल्वेने जाणाऱ्याने नऊ दिवसांपेक्षा कमी रजेचा बेत करू नये. नदीवर किमान चार दिवस हवेत. एक दिवस पावसाचा जातो, एक शिकण्यात जातो.

सामानाचा बाऊ करू नका. चार तुकड्यांत वेगळी होणारी काठी नळकांड्यात बसते. गळ आणि कात्री चेक-इन सामानात टाकावी, केबिन बॅगेत नको. डझनभर निम्फ, अर्धा डझन ड्राय फ्लाय, दोन लीडर, दोन जाडीचे टिपेट. पहिल्या सहलीला काठी विकत घेण्यापेक्षा तिथल्या गाइडकडून भाड्याने घेतलेली बरी. पैसे वाचवायचेच असतील तर काठीवर वाचवा, बुटांवर नको. हिमालयातल्या नदीचे दगड शेवाळाने साबणासारखे होतात. चपला आणि साधे स्पोर्ट्स शूज घालून त्यात उतरणे म्हणजे मनगट मोडून घेणे. ध्रुवीकृत काचांचा चष्मा मात्र घ्याच. पाण्यावरची चमक कापून तो तळ दाखवतो आणि चुकलेल्या फेकीतल्या गळापासून डोळा वाचवतो.

एका वस्तूकडे सगळे दुर्लक्ष करतात : साधा थर्मामीटर. पाण्यात दोन मिनिटे धरा. सहा अंश असेल तर दुपारपर्यंत थांबा. बारा असेल तर चहा अर्धवट सोडून उतरा. एकोणीस-वीस असेल तर मासेमारी थांबवा, कारण त्या पाण्यात पकडलेला मासा सोडला तरी जगण्याची खात्री नाही.

धोका पावसाचाच असतो का?

नाही. स्वच्छ उन्हातही नदी चढते, आणि हे भीमाकाठच्या माणसाला वेगळे सांगायला नको. धरणातून विसर्ग सुटला की काठच्या गावांना इशारा मिळतो. पण इशारा ऐकू आला नाही तर? ८ जून २०१४ रोजी हिमाचलात थलौटजवळ बियासच्या पात्रात उतरलेले हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे २४ विद्यार्थी लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. पाऊस नव्हता, पात्र जवळजवळ कोरडे होते, मुले फोटो काढत होती. तीर्थन याच लारजीपाशी बियासला मिळते.

म्हणून दोन नियम पाळावेत. धरणाच्या खालच्या पात्रात उतरूच नये. नदी कितीही शांत दिसली तरी. आणि धरणमुक्त नदीतही पाण्यात उतरण्यापूर्वी काठावरचा एखादा दगड खूण म्हणून धरावा. तो बुडू लागला, पाण्याचा रंग बदलला किंवा काटक्या-पाने वाहून येऊ लागली, तर मासा लागलेला असला तरी दोरी तोडून बाहेर यावे. गुडघ्याच्या वर पाणी नको. एकट्याने नको. प्रवाह ओलांडताना तोंड वरच्या बाजूला आणि हातात काठी, ती फ्लायची नव्हे, लाकडाची.

पकडलेला मासा खायचा की सोडायचा?

परवाना मर्यादेत मासा ठेवू देतो, त्यामुळे खाणाऱ्याला गुन्हेगार ठरवण्याचे कारण नाही. पण खाण्यासाठी ट्राउट हवा असेल तर खोऱ्यात ट्राउटची खासगी तळी आहेत. तिथला ताजा मासा होमस्टेवाला तव्यावर तळून देतो. नदीतला सोडावा. त्यासाठी गळाचा काटेरी दात पक्कडीने आधीच चेपून टाकायचा. हात ओले करूनच मासा धरायचा, नाहीतर त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि बुरशी धरते. गळ पाण्यातच काढायचा. फोटो हवा असेल तर आधी कॅमेरा तयार, मग मासा वर, तोही तुमचा श्वास रोखता येईल तेवढाच वेळ. शेवटी प्रवाहाकडे तोंड करून तो स्वतःहून सुटेपर्यंत आधार द्यायचा.

आणि आपल्या नदीतला मासा?

ट्राउटच्या वेडात एक गोष्ट नजरेआड होते. जगभरचे गळकरी ज्या माशासाठी भारतात येतात, तो ट्राउट नाही, महसीर आहे. दक्षिणेतल्या नीलपंखी महसीरला शास्त्रीय नाव मिळाले ते आपल्या परिसरात. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली, आणि लोकांच्या तोंडची नावेच त्यांना दिली. ‘खुद्री’ हा महसीर त्याला पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळाला. ती नदी पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. आणखी एका मोठ्या माशाचे, ‘मुसुल्ला’चे, वर्णन त्याने शिरूरजवळच्या घोड नदीतल्या माशावरून केले. त्या मुळा-मुठेत आज काय वाहते, हे दौंड-शिरूरच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही.

लोणावळ्याला वळवण तलावाजवळ टाटा पॉवरने १९७० च्या दशकापासून महसीरची कृत्रिम पैदास केली आणि लाखो पिल्ले देशभर वाटली. हेतू चांगला होता. पण ही नीलपंखी पिल्ले कावेरीतही सोडली गेली, आणि तिथला मूळचा कुबडवाला महसीर मागे हटत गेला. २०१८ मध्ये त्या माशाचे शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी असल्याचे निश्चित झाले. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. स्कॉटलंडचा ट्राउट बियासमध्ये आणि पुण्याचा महसीर कावेरीत, गोष्ट एकाच जातीची आहे. म्हणून कुणी हौसेने ‘आपल्याही धरणात विदेशी मासा सोडू’ म्हणाले, तर त्याला आधी उजनीवर न्यावे.

राज्यात महसीर पाहायचा असेल तर महाडजवळ काळ नदीवरच्या वाळण कोंडीत किंवा वाडा तालुक्यात तिळसे येथे जाता येते. दोन्ही ठिकाणी देवाचे म्हणून मासे राखले आहेत. तिथे चुरमुरे टाकायचे, गळ नाही. इतर धरणांत मासेमारीचे हक्क सहसा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने दिलेले असतात, त्यामुळे हौसेचा गळही त्यांना विचारल्याशिवाय टाकू नये.

घरी बसून काय तयारी करता येईल?

बरीच. फेकण्याच्या सरावाला नदी लागतच नाही. शाळेच्या मैदानावर सकाळी सात वाजता, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून, दहा-दहा मीटरवर ठेवलेल्या घमेल्यात तो पाडायचा. महिनाभर रोज वीस मिनिटे पुरतात. क्रिकेट खेळणारी पोरे पहिले चार दिवस हसतील, पाचव्या दिवशी ‘काका, मला देता?’ म्हणत येतील. काठी घड्याळातल्या दहा आणि एक यांच्या मध्येच थांबली पाहिजे, हे मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ काढून तपासा. आपण कुठे चुकतो ते आपल्याला कधीच जाणवत नाही.

दोन गाठी अंधारात बांधता येईपर्यंत घोटा : फ्लायची आणि टिपेट जोडण्याची. थंड पाण्यात बोटे बधिर झाल्यावर डोळ्यांचा उपयोग होत नाही. आणि तो थर्मामीटर घेतलाच असेल, तर चासकमानचे आवर्तन सुटले की एकदा दुपारी कालव्यात बुडवून पाहा, आकडा वहीत लिहा. तीर्थनला पोहोचल्यावर त्याच्या शेजारी दुसरा आकडा लिहायचा आहे.